रेड्याच्या तोंडचे वेद

आमच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा पुढे भावंडांबरोबर निघाला आणि आळंदीच्या वाटेवर इथे त्याने देह ठेवला, अशी परंपरा सांगते. चैत्रात यात्रा भरते, दिंड्या येतात. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले आहे. तिचा रोख कीर्तनकार बरोबर दाखवतात: रेड्याच्या ठायी जो आत्मा, तोच पंडितांच्या ठायी. कथा समतेची आहे. पण अलीकडे तिच्यातला दुसराच प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. त्या रेड्याला वेदांचा अर्थ कळत होता का? आणि कळत नसेल, तर त्या म्हणण्याचं मोल काय?

हा प्रश्न मला देवळात पडला नाही, संगणकापुढे पडला. बी.एस्सी. झाल्यावर मी घरी राहून जँगो शिकते आहे. जँगो हे पायथन भाषेतलं फ्रेमवर्क. वेबसाइटची जी बाजू लोकांना दिसत नाही, म्हणजे नोंदी साठवणं, कोण लॉगिन झालं ते ओळखणं, मागितलेली माहिती काढून देणं, ती बाजू उभी करायला ते वापरतात. माझी आई गावातल्या एका महिला बचत गटाची सचिव आहे. हप्ता, अंतर्गत कर्ज, व्याज, उशिराचा दंड, सगळं ती वहीत लिहिते. प्रत्येक बाईला आपला हिशेब आपल्या मोबाइलवर पाहता यावा, एवढंच मला करायचं होतं.

माझा आतेभाऊ पुण्यात नोकरीला आहे, तो फोनवरून शिकवतो. त्याची रीत एकच: "आत्ता सांगतो तसं लिही. का ते पुढे कळेल." मी लिहीत गेले. सभासदाचं नाव, हप्ता, तारीख असं थोडक्यात मांडलं, मायग्रेटची आज्ञा दिली, आणि डेटाबेसमध्ये तक्ते तयार. मी न सांगता वापरकर्त्यांचा तक्ता आला. पासवर्ड टाकला तर तक्त्यात तो दिसेना, त्या जागी पीबीकेडीएफ२ या पद्धतीने दळून काढलेली लांबलचक अक्षरं दिसली. अ‍ॅडमिनचं पान उघडलं तर नोंदी भरायचा फॉर्म तयार होता. आई म्हणाली, "एवढं सगळं तू केलंस?" मी गप्प राहिले. माझ्या हातून झालं होतं हे खरं, पण त्यातलं फार थोडं मला कळलं होतं.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. यास्कांच्या निरुक्तात कौत्साचा पक्ष मांडला आहे की मंत्रांना अर्थच नाही. यास्क तो खोडून काढतात, आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणारा खांब ठरवणारं वचनही देतात. मीमांसकही म्हणतात की वेदाचं अध्ययन अर्थ कळण्यासाठीच आहे. या मंडळींपुढे मी माझा कोड घेऊन गेले असते, तर त्यांनी मला खांबांच्या रांगेत उभं केलं असतं.

आमच्या गावाने मात्र रेड्याला समाधी दिली. हजारो माणसं तिथे डोकं टेकवतात. याचा अर्थ गाव अज्ञानाची पूजा करतं असा लावणं मला पटत नाही. मी शाळेत जायच्या आधी आजोबांच्या मांडीवर हरिपाठ शिकले. शब्द तोंडात बसले, चाल बसली, टाळी बसली. अर्थाचा एकेक कण पुढे वर्षानुवर्षं हाती येत राहिला, अजून येतो. पाठ नसता, तर अर्थ उतरायला जागाच मिळाली नसती. वारकऱ्यांच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट कीर्तनात फारशी जोडून सांगितली जात नाही. रेड्याकडून वेद म्हणवून घेतल्यावर ज्ञानेश्वर पैठणहून नेवाशाला गेले, आणि तिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेचे सातशे श्लोक, त्यावर सुमारे नऊ हजार ओव्या, त्याही मराठीत. ज्याने अर्थ न कळणाऱ्या मुखातून वेद बोलवले, त्यानेच पुढे सगळ्यांना अर्थ कळावा म्हणून एवढं अपार काम केलं. परंपरेप्रमाणे रेडा तेव्हा बरोबरच होता. मला ही दोन्ही कृत्यं एकाच माणसाची म्हणून महत्त्वाची वाटतात. ज्ञानेश्वर पाठावर थांबले नाहीत, आणि पाठ करणाऱ्याला हिणवलंही नाही.

तरी एक अडचण उरते. हरिपाठ ज्ञानदेवांचा, म्हणून आजोबांनी तो डोळे मिटून घेतला. जँगो कुणाचं? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते बांधायला घेतलं. बातमीच्या कामाला घाई असते, रोज तेच तेच पुन्हा लिहायला वेळ नसतो, म्हणून. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्या परक्या माणसांच्या शब्दावर मी आळ्यातल्या बायकांचे पासवर्ड सोपवायचे, हे कशाच्या बळावर?

इथे मला न्यायदर्शनाने हात दिला. न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट साक्षात माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच ती सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन आपल्या भाष्यात पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आप्तपणा कुळावर किंवा देशावर ठरत नाही. मग जँगोवाले त्या कसोटीला उतरतात का? माझ्या मते उतरतात. त्यांचा सगळा कोड माझ्याच संगणकात उघडा पडलेला असतो, पाहिजे ती फाइल वाचता येते. मायग्रेट करण्याआधी एसक्यूएल-मायग्रेट अशी आज्ञा दिली, तर डेटाबेसला नेमकं काय सांगितलं जाणार तेही दाखवतात. सुरक्षेत काही दोष सापडला तर तो जाहीर करून दुरुस्ती देतात. स्वतःचे दोष चारचौघांत सांगणाऱ्यावर ठेवलेला विश्वास आंधळा म्हणता येत नाही.

तेव्हा पासवर्ड दळण्याचं गणित अजून मला येत नसलं, तरी ते वापरायला माझं मन कचरत नाही. पण हे सगळीकडे चालत नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

आमच्या गटात कुणी किती कर्ज घेतलं हे बैठकीत सगळ्यांना माहीत असतं. ते कशासाठी घेतलं, हप्ता का थकला, हे मात्र आईच्या वहीच्या शेवटच्या पानांवर असतं आणि ती पानं आई कुणाला दाखवत नाही. कुणाच्या घरात दवाखाना चालू आहे, कुणाच्या नवऱ्याने पैसे उडवले. जँगोत एखाद्या पानावर लॉगिन-रिक्वायर्ड लिहिलं की लॉगिन न केलेल्याला ते पान दिसत नाही. भावाने सांगितलं म्हणून मी दोन खोटी खाती उघडली, एका खात्याने लॉगिन केलं आणि पानाच्या वेब-पत्त्यातला नोंदीचा आकडा हाताने बदलला. दुसऱ्या खात्याचं कर्ज कारणासकट समोर आलं. फ्रेमवर्कने आपलं काम चोख केलं होतं. तू कोण, एवढं त्याने विचारलं होतं. ही नोंद तुझी आहे का, हे विचारायचं काम त्याचं नव्हतंच. नोंद शोधतानाच तिचा मालक आणि लॉगिन केलेली व्यक्ती एक आहे का, हे तपासणारी अट लिहावी लागते. ती कॅन्ससमधला कुणी माझ्यासाठी लिहू शकत नाही, कारण आळ्यातल्या कुठल्या बाईची कुठली गोष्ट झाकून ठेवायची, हे त्याला माहीत असायचं कारण नाही.

जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली, अशा नोंदी तिथे दगडात कोरलेल्या आहेत. दानाची नोंद सगळ्यांनी वाचावी म्हणून कोरली जाते. कर्जाची नोंद तशी नसते. कुठली उघडी ठेवायची आणि कुठली झाकायची, हा निवाडा माणसाचा आहे, आणि तो करणाऱ्याला आपण लिहिलेली ओळ काय करते हे कळलंच पाहिजे. पाठाची मुभा मला या ओळीच्या अलीकडेपर्यंतच मान्य आहे. पलीकडे यास्कांचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

ती अट मी भावाला न विचारता लिहिली. काय लिहिलं ते आईला मराठीत समजावून सांगितलं, आणि तिला पटल्यावरच गटातल्या बायकांची खरी नावं आत भरली.

नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या क्लासेसमध्ये आज कितीतरी मुलंमुली हे शिकत आहेत. उद्या त्यांच्या हाती पतसंस्थेचे, दूध संस्थेचे, दवाखान्याचे हिशेब येतील. त्यांना माझी विनंती आहे: सांगितलं तसं जरूर लिहा, चालवून बघा, कळत नसेल तरी थांबू नका. पण खऱ्या माणसाचं नाव आत घालण्याआधी दोन खाती उघडा आणि पत्त्यातला आकडा बदलून पाहा.