मुलांची झोप कोणाची?



गेल्या रविवारी मिस्साला प्रवचन चालू असताना चौथ्या बाकावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा गाढ झोपी गेला. आईने चिमटा काढला तसा तो दचकून उभा राहिला आणि सगळे बसलेले पाहून पुन्हा बसला. आजूबाजूचे हसले. (आमचे प्रवचन लांबले होते, हेही कबूल केले पाहिजे.) मिस्सानंतर आई ओशाळून भेटायला आली. म्हणाली, "फादर, आठवडाभर साडेपाचला उठतो. सातची शाळा, संध्याकाळी क्लास. त्याचे पप्पा चर्चगेटहून घरी पोचतात तेव्हा साडेनऊ होतात. त्यांना भेटल्याशिवाय तो झोपत नाही."

तिला काय सांगावे ते आम्हाला तेव्हा सुचले नाही.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १०, असे डॉक्टर सांगतात. अंगाची वाढ करणारा रस गाढ झोपेत सर्वांत जास्त सुटतो आणि दिवसा शिकलेले झोपेतच पक्के होते. या मुलाला मिळतात जेमतेम सात तास. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. शाळांनी अडचणी सांगितल्या आणि त्या खोट्या नव्हत्या: एकाच इमारतीत दोन पाळ्या, बसच्या फेऱ्या, आईवडिलांची लोकलची वेळ. मोठ्या मुलांचा तर त्या आदेशात विचारच नव्हता. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप उशिरा लागते. नववीतला मुलगा अकरापर्यंत जागा राहतो तो दर वेळी मोबाइलपायीच असे नाही. त्याला आळशी म्हणण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

सेमिनरीत आम्ही कान्ट शिकलो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तो सांगतो. त्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर गुलाम आणि वेठबिगार यायचे. घरातले लेकरू कधी आले नाही. आपण मुलाला परक्यासाठी वापरत नाही, त्याच्याच उद्यासाठी वापरतो. बावीस वर्षांच्या इंजिनिअरसाठी आठ वर्षांचा मुलगा खर्ची पडतो. दोघे एकच, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. लस टोचतानाही आपण मूल रडवतोच ना? खरे आहे. पण लस ज्या शरीराला दुखवते त्यालाच राखते. झोप काढून घेतली की ज्याच्या जोरावर उद्या उभे राहायचे तेच शरीर झिजते. शिवाय आठ वर्षांचा मुलगा म्हणजे अर्धवट इंजिनिअर नव्हे. तो आजच पुरता माणूस आहे. त्याचा बाप्तिस्मा काही हप्त्याहप्त्याने झालेला नाही.

आपल्या वसईत जुन्या माणसांना हे बावखलावरून कळत होते. दिवसभर रहाट चालला की रात्री पाणी झिरपू द्यायचे. पुढे पंप आले, टँकर आले, रात्रंदिवस उपसा झाला आणि किती विहिरींचे पाणी खारट झाले ते तुम्ही आमच्याहून जास्त जाणता.

संत थॉमस अक्विनास यांनी दुःखावरच्या उपायांत झोप आणि स्नान यांनाही जागा दिली आहे. एवढा मोठा ईशज्ञानी, पण आईच्या पदराला धरून बोलावे तसे बोलला! परीक्षेच्या दिवसांत रडणाऱ्या मुलीला समुपदेशकाकडे जरूर न्या. त्याबरोबर तिचे अंथरूणही वेळेवर घाला.

आता आमची चूक. सणाच्या नाचाची तालीम आम्ही हॉलमध्ये रात्री दहापर्यंत चालू दिली. मुले पायऱ्यांवर पेंगत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. उद्यापासून तालीम सहा ते साडेसात. लग्नाच्या आदल्या रात्रीचे स्पीकर दहाला बंद करायचे, हा कायदा आहे. आपल्या आळ्यांत तो कोणाला आठवत नाही.

राहिला पप्पांचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. बापाच्या भेटीची भूक ही काही झोपेपेक्षा कमी खरी नव्हे, आणि लोकल कोणाच्या सांगण्याने लवकर पोचत नाही. एका घरी आम्ही पाहिले: मुलगी साडेआठला झोपते आणि सकाळी तिचे पप्पा तिची वेणी घालतात. वेणी वाकडी येते, शाळेत बाई ती पुन्हा घालतात. प्रत्येक घरी हे जमेल असे नाही. ज्यांची पहाटेची पाळी असते त्यांना तर नाहीच.

शाळेच्या वेळेबद्दल मुख्याध्यापकांशी बोलायला ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. आम्ही बरोबर येऊ.