मोकळी जमीन

कुंभकोणम्‌जवळ अरसलार नदीच्या काठी एक जुने घर विकाऊ आहे. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत चौक, मागे विहीर आणि विहिरीमागे साडेसात मा भाताची जमीन. एक मा म्हणजे एकराचा जेमतेम तिसरा हिस्सा; हिशेब अडीच एकरांचा. घर पाहून अक्का म्हणाली, "घेऊन टाक रे, आपलीच माती आहे." चेन्नईच्या फ्लॅटमध्ये तंजावरी मराठी जपणाऱ्या माणसाला हे वाक्य फार लवकर पटते.

पण आपली म्हणजे कशी? सतराव्या शतकात व्यंकोजीराजे तंजावरला आले, १८५५ मध्ये ते राज्य संपले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमात जन्मले. त्यांचे नाव आम्ही सहज घेतो, जणू घरातलेच. आमच्या लोकांकडे इथे जमिनी आल्या त्या बहुतेक चाकरीतून आणि दानातून. चिखलात उतरणारे पाय मात्र दुसऱ्यांचे होते. तेव्हा मातीशी नाते सांगायचेच तर ते कागदाचे आहे, एवढे कबूल करावे.

कागद स्वच्छ आहेत. पट्टा, चिट्टा, अडंगल, विल्लंगम, सगळे वकिलाने पाहिले. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. तमिळनाडूत तशी आडकाठी नाही. अडचण निघाली ती किमतीत. मालकाने दोन भाव सांगितले. जमीन कसणारा कुत्तगैदार, म्हणजे खंडाने करणारा, तिथेच राहिला तर एक भाव. मालकाने ती "मोकळी करून" दिली तर दुसरा, बराच चढा. वडिलांच्या काळापासून तो ती करतो आहे. करार तोंडी, खंड पोत्यांत. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९५५ चा आहे, त्यांच्या नावांची नोंद करणारा १९६९ चा. याचे नाव कुठेच नाही.

त्या दोन भावांमधला फरक म्हणजे एका माणसाच्या निघून जाण्याची किंमत. ती मी द्यायची आणि ठेवायची मालकाने. जाणाऱ्याला "काहीतरी" मिळेल. माझ्या सहीच्या दिवशी तो तिथे नसेलच, म्हणजे त्याला मी काढले असे कुणी म्हणणार नाही. व्यवहाराची ही रचना मला सगळ्यात जास्त खुपते: दोष आधीच धुऊन मिळतो.

पुण्याच्या मित्राला हे सांगितले तर तो हसला. त्याच्या आजोबांची जमीन कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ ही तारीख त्यांच्या घरी सुतकासारखी काढली जाते. "तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल, प्लॉट पाडील. मग तुझा कुत्तगैदार कुठे राहणार?" या प्रश्नाला मी टाळू शकत नाही. हात झटकून बाजूला होणे ही पुष्कळदा चैनच असते. आणि खरेदी मुळातच पाप असेही नाही. याच मुलखात, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, २५ डिसेंबर १९६८ ला कीळवेण्मणीत मजुरीच्या वादातून ४४ दलित माणसे जाळून मारली गेली. पुढे १९८१ मध्ये कृष्णम्माळ आणि जगन्नाथन यांनी 'लाफ्टी' काढली, जमिनी विकतच घेतल्या आणि भूमिहीन बायकांच्या नावे केल्या. खरेदीखत त्यांनीही केले. फक्त त्यावर नाव कसणारीचे होते.

तेवढे मोठे मन माझे नाही. मला ओटा हवा आहे, विहीर हवी आहे, आणि खरे सांगायचे तर पोंगलला स्वतःच्या शेतातले तांदूळही हवे आहेत. म्हणून मालकाला कळवले: कमी भावाची, माणसासकट जमीन घेतो, पण आधी त्याचे नाव कुळ म्हणून नोंदवा. यातही मी जमीनदारच होतो, पोती घेणारा, हे दिसते आहे. अक्का म्हणते, उद्या विकायची झाली तर कोण घेईल? तिचेही खरे आहे. हा तोटा मी मुलांच्या माथी मारतो आहे.

मालकाचे उत्तर अजून नाही. मधे एकदा शेतावर गेलो तर तो कुत्तगैदार बांधावर भेटला. नोंदणीचे मी बोललो, त्याने ऐकून घेतले. मग मेट्टूर धरणाची पातळी किती फूट झाली ते विचारले. १२ जूनला पाणी सुटले तर कुरुवैचे पीक घेता येते.

"अय्या, तुमचे काय ते ठरेल," तो म्हणाला. "रोपाला बी टाकू का नको, एवढे सांगा."

मी म्हटले, टाका. तेव्हा जमीन माझी नव्हतीच.