पहिल्या महिन्याचें भाडें

दारू सोडलेल्या मनुष्यास उपदेश करणारे पुष्कळ भेटतात; परंतु रात्रीं निजावयास जागा देणारे थोडे. रुग्णालयांत तो कांहीं आठवडे काढतो, अंगांतील विष उतरतें, हातांचा कंप थांबतो, आणि मग एके सकाळीं त्यास सांगण्यांत येतें, "आतां तुम्ही बरे झालां, जा." जावें कोठें? घरीं जावें, तर त्याच्या जाचास कंटाळून घरच्यांनीं दार लावून घेतलेलें असतें. जुन्या सोबत्यांकडे जावें, तर तेथें बाटली वाट पाहत असते. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एक प्रश्न मांडतों: अशा मनुष्याच्या निवाऱ्याचे पैसे कोणीं भरावे? त्यानें स्वतः, कीं दुसऱ्यांनीं?

हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. परंतु तो मूळचा नीतीचा आहे. एक पक्ष म्हणतो, जो पडला आहे त्याजपासून भाडें घेणें निर्दयपणाचें आहे. दुसरा म्हणतो, ज्यानें आपली कमाई गुत्त्यांत घातली, त्यास फुकट पोसणें म्हणजे आळसास उत्तेजन देणें. दोन्ही पक्षांत कांहीं सत्य आहे, आणि दोन्ही अपुरे आहेत. केवळ वादानें ह्याचा उलगडा होणार नाहीं. म्हणून अमेरिकेंत घडलेली एक खरी हकीकत सांगतों.

सन १९७५ सालीं मेरीलँड राज्यांतील सिल्व्हर स्प्रिंग येथें दारू सोडलेल्या पुरुषांसाठीं सार्वजनिक खर्चानें चालणारें एक आश्रयगृह होतें. तेथें ठराविक मुदतीपलीकडे कोणास राहूं देत नसत, आणि मुदत संपून बाहेर पडलेले पुष्कळ जण पुन्हां पिऊं लागत. पुढें पैशाच्या टंचाईमुळें तें गृहच बंद करण्याचें ठरलें. तेव्हां पॉल मलॉय नांवाचे गृहस्थ व त्यांचे सोबती, जे स्वतःच व्यसनांतून सुटूं पाहत होते, त्यांनीं निश्चय केला कीं, तें घर आपणच भाड्यानें घ्यावें व आपणच चालवावें. त्यास त्यांनीं ऑक्सफर्ड हाउस असें नांव दिलें. हें नांव ऑक्सफर्ड ग्रूप ह्या ख्रिस्ती चळवळीवरून घेतलेलें आहे. १९३५ सालीं सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस ह्या मंडळाचा उगमही त्याच चळवळींतून झाला होता.

त्या घराचे मुख्य नियम तीन. कारभार राहणारांनीं मतें घेऊन चालवावा. खर्च राहणारांनीं आपसांत सारखा वांटून भागवावा. आणि जो पुन्हां व्यसन करील, त्यानें घर सोडावें. पगारी अधिकारी कोणी नाहीं. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार राहणारांतूनच सहा महिन्यांकरितां निवडले जातात. नवा मनुष्य घ्यावयाचा, तर शेकडा ८० मतें पडावीं लागतात. राहण्यास मुदत नाहीं. आज अशीं ३,००० हून अधिक घरें आहेत. त्यांत बायकांचीं वेगळीं असून कांहींत आयांबरोबर लेंकरेंही राहतात.

ह्याचा उपयोग किती होतो, हेंही तपासून पाहण्यांत आलें. इलिनॉय राज्यांत उपचार पुरा करून निघालेल्या १५० जणांपैकीं, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निवड करून, निम्म्यांस ह्या घरांत पाठविलें व निम्म्यांस नेहमींच्या वाटेनें जाऊं दिलें. दोन वर्षांनीं पाहतां घरांत पाठविलेल्यांपैकीं शेकडा सुमारें ३१ जण व्यसन करीत होते, तर इतरांपैकीं सुमारें ६५. मासिक कमाईही पहिल्यांची सरासरीनें ९८९ डॉलर भरली, दुसऱ्यांची ४४०. हे आंकडे २००६ सालीं प्रसिद्ध झाले.

आतां आपल्या प्रश्नाकडे वळूं. भाडें भरल्यानें ह्या मनुष्याचें काय होतें? पूर्वीं पैसा हातीं येतांच त्याचे पाय गुत्त्याकडे वळत; आतां तोच पैसा दर आठवड्यास सोबत्यांसमोर मोजून ठेवावा लागतो. ज्या हातांनीं घरचीं भांडीं विकलीं, त्याच हातांत एके दिवशीं साऱ्या घराचा हिशेब दिला जातो. दान घेणारा उपकृत होतो, परंतु त्यास मत नसतें. भाडें भरणारास मत असतें, आणि मताबरोबर हरवलेली अब्रू परत येते. तेव्हां त्याजपासून पैसे घेणें हा निर्दयपणा नव्हे. तो त्याचा मान आहे.

परंतु पहिल्या दिवशीं त्याच्या खिशांत कांहींच नसतें, हें दुसऱ्या पक्षानें विसरूं नये. म्हणून १९८८ सालच्या अमेरिकन कायद्यानें प्रत्येक राज्यास १,००,००० डॉलरचा फिरता निधी ठेवण्यास सांगितलें. त्यांतून सहा किंवा अधिक जणांच्या गटास घर सुरू करण्यासाठीं ४,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे. तें दोन वर्षांत हप्त्यांनीं फेडावें, व आलेल्या पैशांतून पुढील घर उभें राहावें, अशी योजना होती. पुढें ही गोष्ट राज्यांच्या मर्जीवर सोपविण्यांत आली. तरी तिच्यांतील विचार खरा आहे. कर्ज देणें म्हणजे "तूं फेडशील" असा भरंवसा ठेवणें. शोमरोनी मनुष्यानेंही जखमी वाटसरूस नुसतें पट्टी बांधून सोडलें नाहीं; उतारशाळेच्या धन्यास पहिले पैसे त्यानें पदरचे दिले.

फुकट मिळणारा प्रत्येक निवारा मात्र दयेचा नसतो. २०२३ सालीं ॲरिझोना राज्याच्या अधिकाऱ्यांनीं उघडकीस आणलें कीं, व्यसनमुक्तीच्या नांवानें चालणाऱ्या कित्येक घरांत तेथील मूळ रहिवाशांस जागेचें आमिष दाखवून नेत, आणि न केलेल्या उपचारांचे पैसे सरकारी आरोग्यनिधीतून उकळीत. तेथें भाडें मागितलें नाहीं, कारण सौदा त्या मनुष्याचाच होता.

राहिला तिसरा नियम. जो पुन्हां पडला त्यास बाहेर काढावें, हें ऐकून आमचेंही मन कचरतें. परंतु त्या छपराखालीं इतरही निजलेले असतात, आणि एकाच्या बाटलीनें सर्वांचें घर जातें. त्याला बाहेर काढणें न्याय्य असेल; मात्र त्याला रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोंचविल्यावांचून सोडणें न्याय्य नव्हे.

वाचकहो, तुमच्या गांवीं असें घर बहुधा नसेल. परंतु दारू सोडून परत आलेला मनुष्य केव्हांतरी तुमच्या दारीं येईल, आणि तुमच्यापैकीं कोणाची तरी एखादी खोली रिकामी असेल. ती त्यास कायमची फुकट देऊं नका, आणि भाडें आगाऊही मागूं नका. पहिला महिना उसना द्या. फेडीचा दिवस त्यासच ठरवूं द्या. आणि तो पैसे घेऊन येईल त्या दिवशीं, थोडे असले तरी, त्यास आंत बोलावून बसवा व त्याच्यासमोर मोजून घ्या.