साधनाचे कर्तेपण

छायाचित्र दुरुस्त करण्याचा प्रोग्राम उघडताच कोणते साधन हाती येईल, ब्रशची जाडी किती असेल, ‘ऑटो’ने उजेड किती वाढेल, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेले असते. अचलपूर-परतवाड्यात लग्नसराईच्या घाईत अल्बम तयार करणारा स्टुडिओवाला ते सहसा बदलत नाही. उन्हात रापलेली नवरी अल्बममध्ये गोरी होऊन येते. तिचा रंग बदलला कोणी?

गीतेच्या १८व्या अध्यायातील १४वा श्लोक कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. करण म्हणजे साधन. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी, असे पुढे १६व्या श्लोकात म्हटले आहे. म्हणजे साधनालाही कर्मात वाटा आहे, आणि साधनात ते घडवणाऱ्याची आवडनिवड मुरलेली असते. कोडॅकच्या रंगीत छपाईचा मेळ अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावरून जुळवला जाई. सावळे चेहरे त्यात काळवंडत. तो दोष कॅमेरा धरणाऱ्याचा नव्हता.

मात्र याच यादीत कर्ताही आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. बदलता येणारी मांडणी न बदलणे हीसुद्धा निवडच. माधानच्या संत गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) मधुराभक्तीने आळवलेला कृष्ण श्यामवर्णी आहे. त्याची जुनी तसबीर ‘ऑटो’ने उजळली, तर ती दुरुस्ती ठरत नाही, आणि तिचा जाब प्रोग्रामइतकाच बटण दाबणाऱ्यालाही द्यावा लागतो.