कुणाचं सोंग खपतं

'द प्रिझनर ऑफ झेंडा' हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सिनेमा स्वातंत्र्यलढ्याचा असणार. झेंड्यापायी तुरुंगात गेलेल्या कुणाचा तरी. मॅटिनीचं तिकीट स्वस्त होतं, खिशात तेवढेच होते, बसलो. निघालं भलतंच. झेंडा हे किल्ल्याच्या जागेचं नाव. देशाचं नाव रुरिटानिया, जो कुठल्याच नकाशात नाही. उद्या राज्याभिषेक आणि आज राजा सावत्र भावाकडून आलेली, औषध घातलेली दारू ढोसून आडवा. नेमका त्याच वेळी एक इंग्रज तिथं मासे धरायला आलेला. चेहरा हुबेहूब राजाचा. इमानी सरदार म्हणतात, चल, तूच हो राजा. आणि तो होतो.

मी पाहिला तो १९५२ चा, रंगीत, स्टुअर्ट ग्रेंजरचा. त्याच्या आधीचा १९३७ चा, काळापांढरा, रोनाल्ड कोलमनचा. तो फार पुढं पोरीच्या कॉम्प्युटरवर पाहिला. गोष्ट तीच, प्रसंग जवळजवळ तेच. जुना जास्त चांगला. ते असो.

अशा माणसाला आपण तोतया म्हणतो. पानिपतानंतर मीच सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला होता, त्याला १७७६ साली पुणे दरबारानं देहदंड दिला. खऱ्या तोतयाचं असं होतं. हॉलिवूडचा तोतया मात्र मरत नाही. तो घोडा फेकतो, तलवार खेळतो, राजकन्येच्या मनात भरतो, आणि तिकीट काढून बसलेला जो तो मनात म्हणतो, पकडला जाऊ नये रे बाबा. मीही म्हणत होतो. खोटं बोलणाऱ्याच्या बाजूनं आख्खं थेटर. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. खोटं नाव सांगणं पराक्रम कधी ठरतं आणि पाप कधी? ते कोण ठरवतं?

झेंडाचा हा इंग्रज, रुडॉल्फ रासेंडिल, खऱ्या राजापेक्षा चांगला राजा आहे. दारू पिऊन लोळत नाही, माणसांशी नीट बोलतो. फ्लाविया नावाच्या राजकन्येला खरा राजा कधी आवडलाच नव्हता, तोतया आवडतो. जुन्या सिनेमात शेवटी त्याला निरोप देणारा सरदारसुद्धा अशा अर्थाचं बोलून जातो, की राजा निवडताना नशीब चुकतं. म्हणजे बघा, सिनेमा केवढ्या मोठ्या गोष्टीला हात घालतो! गादीवरचा माणूस बदलला आणि कुणाला कळलं नाही. उलट राज्य बरं चाललं. मग गादी कशाची? रक्ताची का कामाची?

इथवर आणतो आणि हात काढून घेतो. तोतया जिवावर उदार होऊन राजाला सोडवतो, गादी त्याची त्याला देतो, सरहद्द ओलांडून निघून जातो. फ्लाविया कर्तव्य म्हणून मागं राहते. १९३६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या आठव्या एडवर्डनं एका बाईसाठी राज्य सोडलं होतं. वर्षाच्या आत आलेल्या ह्या सिनेमातली राजकन्या राज्यासाठी माणूस सोडते. थेटरात बायका रडत होत्या. मीही रडलो. खोटं कशाला सांगू?

आणखी एक मेख आहे. अँथनी होपनं १८९४ साली ही कादंबरी लिहिली तेव्हाच ती मारून ठेवली. दोघांचे चेहरे सारखे का? तर फार मागं रुरिटानियाच्या राजघराण्यातला एक पुरुष इंग्लंडात आला होता आणि रासेंडिल घरातल्या बाईशी त्याचं जमलं होतं. म्हणजे तोतयाही राजाच्याच रक्ताचा. रस्त्यावरचा कुणी नाही. इतर सिनेमे बघा. १९४० च्या 'मार्क ऑफ झोरो'त बुरख्याआडून गरिबांसाठी लढणारा शेवटी जमीनदाराचाच पोरगा. १९५६ च्या 'अॅनास्तासिया'त इनग्रिड बर्गमन रस्त्यावरची बेवारशी बाई. तिला रशियाच्या झारची मुलगी म्हणून उभी करतात, आणि सिनेमा हळूहळू सुचवत राहतो की बाई बहुतेक खरीच असावी. प्रत्यक्षात जी बाई आयुष्यभर तसा दावा करत राहिली तिचं झारशी नातं नव्हतं, हे १९९४ साली डीएनएच्या तपासणीत निघालं. पण प्रेक्षकाला रक्त पाहिजे. निव्वळ भिकाऱ्याचा पोर गादीवर बसतो तो 'प्रिन्स अँड द पॉपर'मध्ये. त्याचाही सिनेमा १९३७ चाच, एरॉल फ्लिन होता त्यात. आपल्या हिंदीवाल्यांनी १९६८ साली त्यावरून 'राजा और रंक' काढला. त्यातही रंकानं गादी परत केली म्हणूनच तो गुणी.

आता ह्याच झेंडाच्या पडद्यामागं या. १९३७ च्या सिनेमाचा कॅमेरामन जेम्स वाँग हाव. चीनमध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. एकाच कोलमनला दोन माणसं करून समोरासमोर उभं करणारा हा गडी. चित्राचा काही भाग झाकायचा, उरलेल्या भागात शूटिंग करायचं, तीच फिल्म परत फिरवून मग झाकलेला भाग भरायचा. कोलमन कोलमनशी हस्तांदोलन करतो आणि जोड कुठं आहे ते दिसत नाही. त्याच वर्षी ह्या माणसानं सॅनोरा बॅब ह्या गोऱ्या लेखिकेशी पॅरिसला जाऊन लग्न केलं. कॅलिफोर्नियात गोऱ्याचं आणि चिन्याचं लग्न कायद्यानं होत नव्हतं. ती बंदी १९४८ साली उठली. तोवर नवराबायको असून नवराबायको म्हणून मिरवायची चोरी. पुढं जपानशी युद्ध लागलं तेव्हा रस्त्यावर लोकांनी जपानी समजू नये म्हणून तो छातीवर बिल्ला लावून फिरायचा, मी चिनी आहे. एका माणसाचे दोन करणारा कारागीर आणि स्वतःला मात्र बिल्ल्याशिवाय एकसुद्धा होता येईना. त्याची ही गोष्ट कळल्यापासून झेंडातलं ते हस्तांदोलन मला पहिल्यासारखं बघता येत नाही.

राजाचं सोंग असं खपतं. आता न खपणारं सोंग. 'इमिटेशन ऑफ लाइफ', पहिला १९३४ चा. काळ्या बाईची मुलगी पिओला, रंगानं इतकी उजळ की कुणीही गोरी म्हणावं. ती गोरी म्हणून जगायला निघते. कुणाची गादी घेत नाही, कुणाला कैद करत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं, माणसासारखं वागवून घ्यायचं, एवढंच. तिला घोडा नाही, तलवार नाही, पार्श्वसंगीत नाही. तिला शिक्षा आहे. आई झुरून मरते आणि मुलगी शवपेटीमागं ऊर बडवत येते. १९५९ साली हाच सिनेमा रंगीत निघाला, तेव्हाही शेवटी तेच. पिओलाचं काम करणारी फ्रेडी वॉशिंग्टन खरोखरच काळ्या समाजातली, आणि खऱ्या आयुष्यात गोरी म्हणून मिरवायला तिनं साफ नकार दिला होता. १९३३ च्या 'एम्परर जोन्स'मध्ये ह्याच बाईला चेहऱ्याला काळं फासून उभं केलं होतं, पॉल रॉबसनच्या मिठीत गोरी बाई आहे असं कुणाला वाटू नये म्हणून. पडद्यावर गोरी होऊ पाहणारी, आणि पडद्यासाठीच काळी केलेली. १९४९ चा 'पिंकी' आला त्यात तर असल्या मुलीचं काम सरळ गोऱ्या नटीला दिलं. काळीनं गोरी व्हायचं तर पाप, गोरीनं काळी व्हायचं तर अभिनय.

मराठी भाषा इथं मोठी बेरकी आहे. जात लपवणाऱ्याला आपण म्हणतो, जात चोरली. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती'. अंग चोरणं, काम चोरणं, जात चोरणं. चोरणं म्हणजे उचलून नेणं आणि चोरणं म्हणजे आवरून घेणंसुद्धा. रासेंडिलनं दुसऱ्याचं नाव उचललं, तरी त्याला चोर कुणी म्हणत नाही. आम्ही आमचंच नाव आवरून घेतलं, तर आम्ही चोर.

बाबासाहेबांची बडोद्याची हकीगत तुम्हाला ठाऊक आहे. परदेशात शिकून आलेला माणूस पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहिला. दुसरीकडं जागा मिळत नव्हती म्हणून. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ कमाटी बागेत काढला. ह्या तोतयावर हॉलिवूडनं साहसपट काढला नसता. आणि ही हकीगत वाचताना, ते खोटं का बोलले, असं विचारायची कुणाची जीभ रेटेल? कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ साली लिहून ठेवलंय की खुनी दारात येऊन विचारू लागला तरी खोटं बोलू नये. कान्टला आडनाव विचारून कुणी खोली नाकारली नसावी.

म्हणून मी म्हणतो, आधी विचारणाऱ्याकडं बघा. ज्याला प्रश्न विचारायचाच हक्क नाही त्याला खरं उत्तर मिळण्याचाही हक्क नाही. इथपर्यंत माझा हिशेब सरळ आहे. पुढं तो सरळ राहत नाही.

१९५९ च्या सिनेमात एक प्रसंग आहे. मुलगी, तिथं तिचं नाव सारा जेन, घर सोडून लांब गेलीय, गोरी म्हणून नाचगाण्याच्या ठिकाणी कामाला लागलीय. आई शोधत खोलीवर येते. एवढ्यात मुलीची मैत्रीण आत येते. आणि आई आपण होऊन सांगते की मी हिला लहानपणी सांभाळायला होते. म्हणजे मोलकरीण. मुलगी ते तसंच राहू देते. मी उठून बाहेर गेलो. शेवट मग पुन्हा कधीतरी पाहिला.

१९७९ साली मी शहराच्या जुन्या भागात खोली घेतली होती. घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. आठ महिने सुखात गेले. बाई वाईट नव्हत्या, तापात पडलो तर पेज आणून दिली. मग एक दिवस न कळवता आये आली. डोक्यावर बोचकं, भाकरी, चटणी. जिन्यातच बाईंनी विचारलं, कोण हो ह्या? मी वर उभा. तोंड उघडेना. आये माझ्याकडं बघून बाईंना म्हणाली, "मी ह्यांच्या वाड्यावर कामाला व्हते. लहानपनी खेळवलंय ह्यान्ला." ह्यान्ला! स्वतःच्या पोराला.

तिनं एकही इंग्रजी सिनेमा पाहिला नव्हता. माझं सोंग तिनं एका वाक्यात सावरलं, आणि मी ते सावरू दिलं. बाईंना सांगितलेलं नाव मला कधी खुपलं नाही, आजही खुपत नाही. त्या आडनावानं मी कुणाचं काही घेतलं नव्हतं. पण त्या जिन्यात मी आयेकडून तिचा मुलगा काढून घेतला, आणि ती चोरी मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. व्यवस्थेनं करायला लावलं, म्हणता येईल. म्हणून बघितलं. जिन्यात व्यवस्था नव्हती, मी होतो.

बाईंनी चहा दिला. आये जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून प्याली, मोरीवर जाऊन कप धुतला आणि पालथा घातला. संध्याकाळी तिला एसटीवर सोडायला गेलो. गाडी लागली, ती चढली, तेव्हा मी खालून जोरात हाक मारली, "आये!"

ती खिडकीतून वाकली. "हळू," म्हणाली. "तिकडचं कुनी असंल."