आडोसा

शर्यत अहिंसेत बसते का, असं आपल्याकडच्या बायका विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकजण पुढे गेली की दुसरी मागे राहणारच. आणि 'मी पहिली' म्हणताना चार कषायांपैकी मान तर न बोलावता येऊन बसतो. मग श्राविकेनं अशा ठिकाणी जावं कशाला?

मी गेले. पंचेचाळिशी उलटल्यावर, आदिलाबादच्या बाजूला झालेल्या एका हौशी शर्यतीत, ३० किलोमीटर. आमच्या तामसीत सायकल म्हणजे शाळेची नाहीतर शेताची. ती कुणाच्या पुढे जाण्यासाठीही असते, हे माझ्यासाठी नवीन होतं. पण रस्त्यावर आल्यावर त्या प्रश्नाचं रूपच बदललं.

कपाशीची वेचणी संपत आलेली, रानं उघडी, वारा समोरून. सायकल जोरात चालवताना खरी झुंज असते ती वाऱ्याशी. पुढच्या सायकलच्या मागे अगदी जवळ राहिलं, तर मागचीचे पाव ते तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून बायका रांगेत चालतात. पुढची थोडा वेळ वारा अंगावर घेते, मग कोपर जरासं हलवते. म्हणजे आता तू ये. ती बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जाते आणि दुसरी पुढे होते. माझ्या पुढची कॉलेजातली पोरगी होती. म्हणाली, "काकू, चाकाकडं नका बघू, माझ्या हाताकडं बघा." रस्त्यात खड्डा आला की ती हातानं खाली दाखवायची, कारण मागचीला तो दिसतच नाही. मला ईर्यासमिती आठवली. साधू-साध्वी जिवांना जपण्यासाठी पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. इथं पुढची बाई आपल्याबरोबर मागचीसाठीही पाहत होती.

आता खरा प्रश्न. जिच्या आडोशानं आपण २५ किलोमीटर आलो, तिलाच शेवटच्या टप्प्यात मागे टाकायचं? हा कृतघ्नपणा नाही का?

२०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकची गोष्ट सांगते. बायकांची रस्त्यावरची शर्यत १३७ किलोमीटरची होती. ती जिंकली ऑस्ट्रियाच्या ॲना कीझेनहोफर हिनं. गणितात डॉक्टरेट केलेली बाई, कुठल्या व्यावसायिक संघात नाही. शर्यत सुरू होताच ती पुढे निघाली. आणखी चौघी तिला मिळाल्या, आणि आळीपाळीनं वारा घेत त्या खूप दूर गेल्या. चौघींपैकी दोघी आधीच मागे पडल्या. शेवट सुमारे ४० किलोमीटरवर असताना उरलेल्या दोघींना मागे टाकून ही एकटी गेली. तिला कृतघ्न म्हणता येईल का? मला तसं वाटत नाही. तिनं आपल्या पाळीचा वारा घेतला होता. आडोशाचं देणं रस्त्यावरच फिटतं, शेवटच्या रेषेवर नाही.

दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी. सगळा रस्ता दुसऱ्याच्या पाठीमागे लपून यायचं, एकदाही पुढे व्हायचं नाही, आणि शेवटी ताज्या पायांनी सगळ्यांना ओलांडायचं. नियमात हे बसतं. पण ती माया आहे, चार कषायांतला कपट. हिंसा आधी भावात होते असं आपण मानतो ना? मग पुढे जाण्यात हिंसा आहे की नाही, हे पायांवरून नाही, त्या भावावरून ठरेल. पुढे जाताना मागचीला कमी लेखलं का? तिचं घेतलेलं मनात ठेवलं का? जिवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं, हे तत्त्वार्थसूत्राचं सांगणं आहे. त्यात पुढे जायला मनाई नाही. फुकट जायला आहे.

मी शेवटून तिसरी आले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण एक गोष्ट मनात राहिली.

रांगेत जी दमूनही मागे येत नाही, तिचं तिथं कौतुक होत नाही. तिचा वेग कमी होतो आणि तिच्यामागची सगळी रांग मंदावते. वेळेवर मागे येणं हाही तिथं धर्मच. आपल्याकडे मात्र जी बाई पहाटेपासून एकटी वारा घेते, घरचे उपास-पारणं, सासऱ्यांचं औषध, मुलांच्या परीक्षा सगळं ओढते आणि कुणाला 'ये पुढे' म्हणत नाही, तिला आपण थोर म्हणतो. तीही स्वतःला तसंच समजते. त्या न मागण्यात त्याग किती आणि मान किती, हे जिचं तिनं पाहावं. आणि जे तिच्या आडोशानं वर्षानुवर्षं चालले, त्यांनी आपली पाळी कधी घेतली, हे त्यांनी पाहावं. शर्यतीत कोपर हलवायची रीत आहे. घरात ती आपल्यालाच पाडावी लागेल.