घरभरणीच्या दिवशीचं पाणी

चकलांब्याच्या शिवारात थ्री फेज रात्रीची. आप्पा दारं धरत होते, माझ्या हातात बॅटरी.

"तुझ्या कृष्णविवराची हद्द म्हणजे बांधच की," आप्पा म्हणाले.

"बांध दिसतो, आप्पा. ही हद्द म्हणजे जिथून निघालेला प्रकाश कधीच बाहेर पोचणार नाही, ती जागा. आता हे 'कधीच' ठरवायला शेवटापर्यंत थांबावं लागतं."

मी खोऱ्याच्या दांड्यानं चिखलात वर्तुळ काढलं. बनारसला कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकरांजवळ काम केलेल्या प्र. चु. वैद्यांनी १९४३ साली प्रकाश ओकणाऱ्या ताऱ्याचं गणित सोडवलं. तेच उलटं फिरवायचं.

"सूर्याच्या वस्तुमानाइतका प्रकाश चहूबाजूंनी आत येतोय. मधली जागा मोकळी, ओढ नावालाही नाही. तरी हद्द मधोमध आधीच उगवते, फुगत जाते आणि तीन किलोमीटरवर त्या प्रकाशाला गाठते. आत बसलेल्याला पत्ताच नाही. प्रकाशाच्या पुढं बातमी धावणार कशी?"

आप्पा खोरं टेकून उभे राहिले. त्यांचं आजोळ नाथसागर धरणाच्या पाण्यात गेलं.

"मामानं घर बांधलं तेव्हा धरणाचं नावही नव्हतं. मग घरभरणीला आम्ही पुरणपोळी खाल्ली ती पाण्यात बसून?"

"या व्याख्येनं, हो."

"हॅट! धरण ठरवणारी माणसं होती. नसतं ठरवलं तर?"

इथं मी अडलो. आप्पांचा मुद्दा खरा. येणाऱ्या प्रकाशाला फेरविचार नसतो. पण आतल्या माणसाचं अज्ञान दोन्हीकडं सारखंच.

"दुसरा मार्ग आहे," मी म्हणालो. "आपल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि बद्री कृष्णन यांनी २००२ मध्ये मांडलेला. भविष्य बघायचं नाही. बाहेर सोडलेला प्रकाशही जिथं पसरत नाही, ते पृष्ठ आत्ताच मोजून काढायचं. ऊर्जा आत पडली की त्याचं क्षेत्रफळ किती वाढतं, याचा चोख हिशेब लागतो."

"मग झालं की."

"नाही ना. काळाचे काप कसे पाडता, त्यावर ते पृष्ठ सरकतं."

"म्हणजे मोजणीदार बदलला की हद्द बदलली." आप्पा हसले. "एक हद्द पक्की, पण आपण मेल्यावर कळणारी. दुसरी आज हातात, पण सरकणारी. तू कुठली धरशील?"

"दुसरी. काम तिच्यावरच चालतं."

"मामाही तेच म्हणाला असता. पण घर पहिलीनं नेलं."

सरी काठोकाठ भरली होती. चिखलातलं वर्तुळ कधी विरघळलं, कळलं नाही.

"बॅटरी इकडं धर," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पाणी पलीकडं फिरवलं.